निवळ, पातळ, गुरगुट्या, मऊ

तीस मिलिलीटर पाणी प्यायला किती वेळ लागतो, हे मी माणसांना शिकवते. पंधरा मिनिटं लागतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे प्लॅस्टिकचं टोपण असतं, त्यात तेवढं पाणी मावतं. ओठ ओले करायचे, थांबायचं, एक घोट आत जाऊ द्यायचा, परत थांबायचं. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पोट म्हणून अंड्याएवढी थैली उरलेली असते, आणि पन्नास वर्षांची पाणी पिण्याची सवय त्याला एका सकाळीत विसरायची असते.

मी नर्स आहे. मूळची नगर जिल्ह्यातली. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून दिल्ली. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून रोज मेट्रोने नोएडाला जाते. तिथल्या एका खासगी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर या ऑपरेशनचे पेशंट असतात. आमचा कॉरिडॉर लांब आहे आणि त्याच्या टोकाला एक मोठी काच आहे. थंडीत दुपारी त्या काचेतून पिवळट, पातळ ऊन येतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटना चालवावं लागतं, नाही तर पायात रक्ताच्या गाठी होतात. सलाइनचा स्टँड हातात धरून ती भली मोठी माणसं त्या उन्हाकडे हळूहळू चालत जातात, काचेला हात लावतात आणि परत फिरतात. कुणी फारसं बोलत नाही. चाकांचा बारीक आवाज येत राहतो. कधीकधी मला वाटतं, मीच डुलकी घेतेय आणि हे सगळं दिसतंय.

घरी गेल्यावर, आठवड्याभरात, त्यांना स्वप्नं पडायला लागतात. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. भूक म्हणावी तशी लागत नाही, पण झोपेत ताटं वाढली जातात. गाझियाबादच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने मला सकाळी सकाळी घाबरून फोन केला होता, "सिस्टर, सपने में पूरी शादी का खाना खा गया. टाँके तो नहीं खुलेंगे?" मी त्याला समजावलं, की स्वप्नातलं जेवण टाक्यांपर्यंत पोचत नाही. त्याने ते बायकोला ओरडून सांगितलं. मग म्हणाला, "गुलाबजामुन बड़ा अच्छा था."

काकू आल्या त्या एका वर्षी, थंडीच्या सुरुवातीला. करोल बागेत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खाणावळ होती. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला महाराष्ट्रातून आलेली मुलं-मुली तिथे दोन वेळा जेवायची, आणि ती सगळी त्यांना काकू म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. वय सत्तावन्न. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, झोपेत श्वास अडकायचा. दोन वर्षांत त्या जिना उतरून खाली रस्त्यावर आल्या नव्हत्या. काका सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले, शिडशिडीत, कमी बोलणारे. सामान तेच आणायचे, हिशोब तेच ठेवायचे, आणि काकू गॅसजवळ उंच स्टुलावर बसून पंचवीस माणसांचा स्वयंपाक करायच्या.

ऑपरेशननंतर मी त्यांना आहाराचा तक्ता समजावून सांगत होते. आमचा तक्ता इंग्रजीत आहे. आधी क्लिअर लिक्विड, मग फुल लिक्विड, मग प्युरी, मग सॉफ्ट. काकूंनी तो कागद लांब धरला, जवळ धरला, आणि खाली ठेवला.

"म्हणजे आधी निवळ," त्या म्हणाल्या. "मग पातळ. मग गुरगुट्या. मग मऊ. एवढंच ना?"

मी म्हटलं, "हो, एवढंच."

गुरगुट्या हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. लहानपणी ताप आला की आई मला पातळसर घोटलेला गुरगुट्या भात द्यायची. माझी मुलगी सहावीत आहे, दिल्लीतच वाढली. तिला घरी जाऊन विचारलं तर ती म्हणाली, "मम्मा, ये कोई जानवर है?" मी दुसऱ्या दिवशी काकूंना ते सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं, आणि हसताना टाके दुखले म्हणून त्यांनी उशी पोटाशी धरली. आमची मैत्री तिथून झाली असावी.

चौथ्या दिवशी त्या घरी गेल्या. पुढचे काही आठवडे पेशंटना फोन करणं हे माझं काम. माझ्याकडे विचारायची यादी असते. पाणी किती प्यालात, किती चाललात, गोळ्या घेतल्या का, उलटी झाली का, पोटात दुखतंय का. बाकीच्यांना मी आठवड्यातून एकदा फोन करते. काकूंना रोज करू लागले. सकाळचा राउंड झाला की साडेदहाला मी त्या कॉरिडॉरच्या काचेपाशी जाऊन उभी राहायची. बाहेर धुक्यात समोरच्या बिल्डिंगचे फक्त वरचे मजले दिसायचे, आणि फोनवर काकूंचा सावकाश, थोडा घोगरा आवाज.

"काल काय जेवलात?" मी विचारायची. म्हणजे स्वप्नात.

काकू जळगावकडच्या. त्यांची स्वप्नंही तिकडचीच असायची. केळीच्या बागेत पाटाचं पाणी सोडलंय, कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्यात, त्यात भरताची हिरवी वांगी भाजतायत. त्यांची थोरली बहीण, जिला त्या आक्का म्हणायच्या, साल सोलतेय आणि बोटं भाजली की कानाच्या पाळीला लावतेय. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वर कच्चं तेल. एकदा स्वप्नात सबंध गावाला शेवभाजी वाढून झाली आणि त्यांच्यासाठी काही उरलंच नाही, तर त्या रुसून विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या. एकदा ताटात नुसताच वास होता. "वास वाढला होता ग," त्या म्हणाल्या, "कसा ते मला नाही सांगता येणार, पण वाढला होता, आणि मी चमच्याने खाल्ला."

आक्का वारून बारा वर्षं झाली होती. ते त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.

मी ऐकत राहायची. घरात मराठी बोलायला नवरा, तोही ऑफिसची हिंदी तोंडात घेऊनच यायचा. मुलगी अर्धं हिंदीत उत्तर द्यायची. काकूंचा आवाज कानात घेऊन मी दहा मिनिटं कुठल्या कुठे जाऊन यायची. शेवटी वॉर्डातून कुणी हाक मारली की घाईघाईने यादी विचारायची. पाणी? गोळ्या? उलटी?

"सगळं बिल्कुल ठीक," त्या म्हणायच्या. मी सगळ्यांवर टिक करायची.

पाचवा आठवडा सरला. सहाव्याच्या अखेरीला, जानेवारीतल्या एका दाट धुक्याच्या सकाळी, मी नेहमीसारखा फोन केला. काकूंचा आवाज खोल गेलेला होता, पण त्या खुशीत होत्या.

"आज भरीत करतोय," त्या म्हणाल्या. "आक्का आलीये. बागेतच बसलोय."

"कधी पडलं हे स्वप्न, पहाटे?"

"स्वप्न कसलं. ही काय समोर बसलीये. धूर फार झालाय पण. धुरामुळे सगळं दोन-दोन दिसतंय. दोन आक्का, दोन चुली."

मी हसले. खरंच हसले, ते मला अजून आठवतं. मग समोरच्या बिल्डिंगकडे पाहता पाहता माझं हसू थांबलं.

"काकू, डोळे मिटून उघडा बघू. आता किती दिसतात?"

"दोनच. वरती पंखेपण दोन."

"फोन काकांना द्या."

काकांनी फोन घेतला. मी विचारलं, काकू चालतात कशा. भिंतीला धरून, ते म्हणाले, पाय टाकताना तोल जातो. अशक्तपणा असेल असं वाटलं. उलट्या होतात का? "होतात. दहा-बारा दिवस झाले. काही घेतलं की बाहेर येतं. पाणीसुद्धा. ती म्हणाली, सिस्टरना सांगितलंय, ऑपरेशननंतर होतंच असं."

मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलं होतं ते वॉर्डाकडे पाऊल टाकत विचारलं होतं.

सारख्या उलट्या होत राहिल्या की शरीरातलं एक साधं जीवनसत्त्व, बी-वन, संपून जातं. त्याचा साठा थोडाच असतो. ते संपलं की माणसाला एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, आणि मग मन भरकटतं. नसलेली माणसं दिसतात, न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगितल्या जातात. तासातासाने बिघडत जातं. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर माणूस परत येतो. उशीर झाला तर आठवणी कायमच्या जातात. हे सगळं मला पाठ होतं. नवीन नर्सना हे मीच शिकवत होते.

मी काकांना म्हटलं, नोएडापर्यंत येऊ नका, धुक्यात दोन तास लागतील. घराजवळ जे हॉस्पिटल असेल तिथे न्या, आत्ता. ऑपरेशनचा कागद बरोबर घ्या, आणि तिथले डॉक्टर समोर आले की मला फोन लावून द्या. मग धावत जाऊन आमच्या सर्जनना सांगितलं. त्यांनी इंजेक्शनचा डोस सांगितला आणि म्हणाले, "तुम जाओ वहाँ."

मी मेट्रोत बसले होते तेव्हा काकांचा फोन आला. गल्लीतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ते पोचले होते. खालच्या मजल्यावरच्या दोघा दुकानदारांनी काकूंना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा आवाज तरुण होता.

"मॅडम, बहुत वीकनेस है. ग्लूकोज़ चढ़ा रहे हैं."

"डॉक्टर साहब, ग्लूकोज़ अभी नहीं," मी म्हटलं. डब्यातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. "पेट के बाईपास का पेशंट है, बारह दिन से उल्टी है, डबल दिख रहा है. पहले थायमिन दीजिए, नस में. ग्लूकोज़ उसके बाद."

शरीरात बी-वन, म्हणजेच थायमिन, नसताना साखर गेली तर उरलंसुरलं तेही खर्च होऊन जातं. मी एवढं सगळं बोलले नाही.

"आप कौन बोल रही हैं?"

"नर्स. हमारे सर्जन आपको अभी फोन करेंगे. पर प्लीज़, पहले थायमिन."

"ठीक है," ते म्हणाले. "मँगवाता हूँ."

मग नेटवर्क गेलं. गाडी यमुनेवर आली होती. नदी दिसत नव्हती. पूलही दिसत नव्हता. दोन्ही बाजूंना पांढरं, आणि त्यात आम्ही सरकत होतो. सरकत होतो हेसुद्धा फक्त चाकांच्या आवाजावरून कळत होतं. शेजारच्या बाईचं डोकं पुढे झुकून झोपेत हलत होतं. मी मनात पुन्हा पुन्हा मागच्या दहा दिवसांचे फोन आठवत होते. विहिरीचा काठ. नुसता वास वाढलेलं ताट. त्यातलं कुठलं स्वप्न होतं आणि कुठलं आजारपण, ते मला वेगळं करता येईना. सोमवारी त्यांनी सांगितलं होतं की पायाला मुंग्या येतात, पाटाच्या गार पाण्यात उभं राहिल्यासारख्या. मी म्हटलं होतं, किती छान, काकू.

नर्सिंग होमच्या दारात काका उभे होते. माकडटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, हातात प्लॅस्टिकची फाइल. "दिलं इंजेक्शन," ते म्हणाले. "तुमच्या डॉक्टरांचा फोन आला होता. मग बाटली लावली."

काकू पलंगावर होत्या. सहा आठवड्यांत चेहरा उतरला होता, गालांची कातडी सैल झाली होती. डोळे उघडे, पण बुबुळं एका जागी ठरत नव्हती, बारीक थरथरत बाजूला जात होती. मी त्यांचा हात धरला. हात गार होता.

"आक्का, आलीस?" त्या म्हणाल्या.

पेशंट भ्रमात असला की त्याला खरं सांगावं, तारीख, जागा, आपलं नाव सांगावं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी तोंड उघडलं तेही सांगायलाच. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो," मी म्हटलं. "आले."

"बस मग," काकू म्हणाल्या, आणि सरकून जागा केली.

मी बसले. दुपार झाली, खिडकीबाहेरचं धुकं विरत गेलं. खालून कपड्यांच्या दुकानदारांच्या हाका, हॉर्न, कुणाचं तरी शटर उघडल्याचा आवाज येत होता. पण त्या खोलीत केळीची बाग होती. काकू मला सांगत होत्या, पाणी वळव, तिकडच्या वाफ्यात गेलं नाही अजून. मी म्हणत होते, वळवते. बाटली थेंब थेंब पडत होती. दुसरं इंजेक्शन दिलं. काका खुर्चीत ताठ बसले होते, ऑफिसात साहेबाने बोलावून बाहेर बसवून ठेवल्यासारखे.

"पस्तीस वर्षं फायलींवर नोटिंग केलं," ते मध्येच म्हणाले. "घरात काही लिहून ठेवलं नाही. रोज किती वेळा ओकली, एवढं जरी लिहिलं असतं."

मी म्हटलं, "काका, लिहायचं काम माझं होतं."

संध्याकाळी अँब्युलन्सने त्यांना आमच्याकडे आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी ड्यूटीवर गेले तर काकू उशीला टेकून बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बुबुळं जवळजवळ स्थिर होती.

"आता एकच दिसतेस," त्या म्हणाल्या. "ती दुसरी कुठे गेली?"

मी तोंड फिरवून सलाइनचा वेग तपासत राहिले.

उलट्यांचं कारण दुर्बिणीने सापडलं. पोटाची नवी थैली आणि आतडं जिथे जोडलं होतं तो जोड आकसून पेन्सिलच्या शिशाएवढा झाला होता. असं काहींना होतं. सर्जननी आतून एक बारीकसा फुगा फुगवून तो रुंद केला. अर्ध्या तासाचं काम. ते हात धूत असताना मी त्यांना सगळं सांगितलं. रोज फोन करत होते, रोज दहा मिनिटं बोलत होते, आणि स्वप्नं ऐकत होते.

त्यांनी नळ बंद केला. "अगली बार लिस्ट पहले," ते म्हणाले. "बातें बाद में." आणि पुढच्या पेशंटकडे गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी मी टोपणभर पाणी घेऊन काकूंजवळ बसले. पुन्हा पहिल्यापासून. ओठ ओले. थांबा. घोट. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे लक्ष लावून बसलो होतो. पाणी गेलं. दुसरा घोट गेला. पंधरा मिनिटांत टोपण रिकामं झालं, तेव्हा मी विचारलं,

"मला का नाही सांगितलंत उलट्यांचं?"

त्या बराच वेळ चादरीचा काठ बोटांनी सरळ करत राहिल्या.

"तू एवढ्या हौसेने फोन करायचीस," त्या म्हणाल्या. "स्वप्न ऐकायला. मी म्हटलं, तिला काय ओकाऱ्यांचं सांगायचं. मग फोनही यादीवाल्यांसारखा झाला असता. दोन मिनिटांचा."

आता मी यादी आधी विचारते. नुसतं उलटी होते का असं नाही; काल किती वेळा, काय खाल्ल्यावर, पाणी राहिलं का, घरातल्या माणसाला फोन द्या. ते झालं की खुर्ची ओढून बसते आणि मग विचारते, काल काय जेवलात.

काकूंची नजर आठवड्यात पूर्ण सुधारली. चालणं मात्र हळू सुधारलं. एप्रिलपर्यंत हातात काठी होती. त्या दहा-बारा दिवसांची आठवण त्यांना राहिली नाही. बाग, आक्का, खुर्चीतून उतरलेला जिना, काही नाही. मी एकदा त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशा त्या ऐकत होत्या. "मी असं म्हणाले?" त्या विचारायच्या. "पाणी वळव म्हणाले?" आणि मग, "तू काय म्हणालीस?"

खाणावळ दोन महिने बंद राहिली आणि मग पंधरा माणसांवर सुरू झाली. चव बघायचं काम काकांकडे आलं. ते प्रत्येक भाजी चमच्यात घेऊन खिडकीपाशी उजेडात नेतात, चाखतात आणि एकच शब्द बोलतात. "मीठ." किंवा "जाऊ दे."

मे महिन्यात काकू एकट्या मेट्रोने सरोजिनी नगरला आल्या. सगळे कपडे अंगाभोवती गोळा व्हायला लागले होते, नवे घ्यायचे होते. मला रजा होती. बाजारात कुर्त्यांचे डोंगर, त्यांवर चढून ओरडणारे विक्रेते, आणि काकू पुन्हा पुन्हा सगळ्यात मोठ्या मापाचा कुर्ता उचलत होत्या. मी तो खाली ठेवायची आणि दुसरा त्यांच्या खांद्यांना लावायची. "हा नाही मावणार मला," त्या म्हणायच्या, आणि तो मावायचा. एका दुकानदाराने पडद्यामागे आरसा दिला. काकू आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी हाक मारली.

"थांब," आतून आवाज आला. "बघतेय."

निळा कुर्ता अंगावरच ठेवून त्या बाहेर आल्या. मग म्हणाल्या, चल, आमचं क्वार्टर दाखवते. लग्न होऊन दिल्लीत आल्या तेव्हापासून काकांच्या निवृत्तीपर्यंत त्या इथेच राहिल्या होत्या. आम्ही थांबत थांबत गेलो. पण ती बाजू पाडून झाली होती. पत्र्याचं लांबच लांब कुंपण, मागे क्रेन आणि अर्धवट उंच इमारती. काकू पत्र्याच्या एका फटीतून आत बघत राहिल्या.

"अमलतास होता दारात," त्या म्हणाल्या. "डावीकडे. का उजवीकडे?" त्या माझ्याकडे वळल्या. मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी काकांना फोन लावला. काकांनी पलीकडून काही सांगितलं, ते त्यांनी मन लावून ऐकलं, आणि फोन पर्समध्ये ठेवला.

"झाडच नव्हतं म्हणतात. ते पुढच्या गल्लीत होतं."

त्यांना वाईट वाटलंय का, मला कळेना. ऊन कडक होतं, पत्रा तापला होता. रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो. त्यांनी बाटली काढली, एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. मग एक ऑटो थांबवून मेट्रोपर्यंत त्याच्याशी नीट भाव केला, अस्सल दिल्लीच्या हिंदीत, आणि बसताना मला म्हणाल्या, "रविवारी पोरीला घेऊन ये. तिला सांग, ते जानवर मी तिला खायला घालणारे."

आम्ही गेलो. मुलीने दोन वाट्या गुरगुट्या भात खाल्ला.